सातवं ठिकाण

सोत्गोल, नुरुप खिंडीखाली
१४ एप्रिल २००८

मानहो,

आधीच सांगते, हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. दोन हिवाळे गावच्या चावडीत म्हाताऱ्यांच्या वर्गाला बसले आणि चौसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले. मनात होतं, पहिलं पत्र भावाला लिहायचं, गोडधोड काहीतरी लिहायचं. ते नशिबात नव्हतं. फोनच करणार होते, पण फोनवर मला नुसतं गुंई गुंई ऐकू येतं, आणि तू दोन वाक्यांनंतर मास्तर होतोस. कागदावर मला कुणी मधे तोडत नाही.

काल तुझ्या गोगलगाय गिर्यारोहण मंडळाची बस आली होती. तू नव्हतास, गुडघा धरलाय म्हणे. बाकीचे चाळीस-बेचाळीस निवृत्त मास्तर आणि मास्तरणी मात्र टुणटुणीत होते. धबधबा पाहिला, किल्ल्याची पडकी तटबंदी पाहिली, जुन्या मठाच्या जागेवरचा दगडी मनोरा पाहिला. पाहू देत. झाडाझाडाला तुमच्या पिवळ्या फिती बांधत गेले, तेही मी सोसलं. दुपारी माझ्याकडे कुट्टूची धिरडी खाल्ली, मक्याची दारू प्याले, गाणी म्हटली. गिऱ्हाइकाला मी नावं ठेवत नाही.

पण त्याआधी ते खिंडीत, त्या दगडांच्या राशीपाशी थांबले होते. मी वरच्या उतारावर रानभाजी खुडत होते, तिथून सगळं दिसत होतं. जांभळ्या टोपीची एक बाई तुझं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागली. "सातवं ठिकाण, इच्छेचा मनोरा. इथे एक दगड ठेवा आणि मनातलं मागा." झालं! सगळे तुटून पडले. आता आसपास सुटे दगड कुठून येणार? म्हणून राशीच्याच पायातले दगड उपसायला लागले आणि कडेनं स्वतःचे छोटे छोटे मनोरे रचायला लागले. एका टकल्यानं राशीवर पाय रोवून फोटो काढून घेतला. त्या जांभळ्या टोपीनं एक गुळगुळीत दगड निवडून पिशवीत टाकला, घरी न्यायला!

मी भाजी टाकून धावत खाली आले. "उतर मेल्या खाली!" म्हणून ओरडले. तर ते हसले. त्यांना वाटलं, गावाकडची गमतीदार म्हातारी. त्यांनी माझाच फोटो काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मानहो. अजून उतरलेली नाही.

तू एवढंच कर. पुस्तकातून ते सातवं ठिकाण काढून टाक. तुझ्या माणसांना सांग, त्या राशीच्या एकाही दगडाला हात लावायचा नाही. का ते विचारू नकोस. मोठी बहीण सांगतेय म्हणून कर.

सुनदोक
(खाली "तुझी ताई" असं लिहायची आज इच्छा नाही.)


सोल
२१ एप्रिल २००८

प्रिय ताई,

तुझं अक्षर पाहून डोळे भरून आले. पुढे मजकूर वाचला आणि कोरडे झाले.

तुझा राग मी ओळखून आहे. गावात चार माणसं बाहेरून आली की तुझं डोकं फिरतं. पण जरा विचार कर. सोत्गोलमध्ये आता किती घरांतून धूर निघतो? अकरा. शाळा बंद, दुकान बंद. माझं छोटंसं पुस्तक, "डोंगराळ मुलखातली एक दिवसाची नऊ ठिकाणं", ते वाचून दर रविवारी दोन-तीन बसेस येतात आणि तुझा तवा तापतो. त्याबद्दल चार बरे शब्द लिहिले असतेस तर शाई संपली नसती.

दगड इकडचे तिकडे झाले, मान्य. मंडळाच्या लोकांना मी समज देईन. पण सातवं ठिकाण काढणार नाही. ती रास मला इच्छेचा मनोरा म्हणून कुणी दाखवली, आठवतं? आईनं. बाजाराला जाताना प्रत्येक खेपेला ती तिथे थांबायची, एक दगड ठेवायची आणि मलाही ठेवायला लावायची. "माग काहीतरी," म्हणायची. मी काय मागायचो तेही तुला ठाऊक आहे. बुसानच्या मावशीकडे दिलेली आपली धाकटी, कान्नान, परत यावी. दुसरं काही मी कधी मागितलंच नाही. ते मिळालं नाही ही वेगळी गोष्ट. पण त्या राशीवर माझा हक्क तुझ्याइतकाच आहे, हे लक्षात घे.

आता एक आनंदाची बातमी, जी मी फोनवर सांगणार होतो. जिल्हा कचेरीनं खिंडीत लाकडी सज्जा बांधायचं मंजूर केलंय. तिथून समोरची सगळी रांग दिसेल. रास अगदी सज्ज्याच्या तोंडाशी येते. सध्या ती बेढब आहे, म्हणून बाहेरचा चांगला पाथरवट आणून ती मोकळी करायची आणि तेच दगड नीट रचून पुरुषभर उंचीचा निमुळता मनोरा उभा करायचा. शिफारस माझी आहे. शेजारी फलक लागेल, मजकूर माझा आहे: सरहद्दीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत रोज एक दगड ठेवणाऱ्या नवरीची कथा. थोडी फोडणी मी घातलीय, हे तुझ्यामाझ्यात. दोन जूनला काम सुरू होईल. उद्घाटनाला नवा पोशाख घालून पहिल्या रांगेत बस आणि कृपा करून कुणाला मेल्या म्हणू नकोस.

तुझा,
मानहो


सोत्गोल
२६ एप्रिल २००८

मानहो,

कुठली नवरी? कुठल्या गावची? कुणाची लेक? तीस-पस्तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलास आणि म्हातारपणी थापा मारायला लागलास. वर त्या दगडावर कोरून घेणार!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "मोकळी करायची" हे शब्द वाचले आणि माझ्या हातून तवा उलटला. मी आईला शब्द दिला होता. सतरा वर्षं झाली तिला जाऊन, तिच्या मागे मी तो पाळला. आज मोडते. तू मोडायला लावलास.

ती रास म्हणजे आपली कान्नान आहे.

तिला बुसानला कुणी नेलं नाही. आपल्याला बुसानला मावशीच नव्हती. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत गोवरानं गेली ती. दहा महिन्यांची होती. तेव्हाची रीत तुला पुस्तकातून माहीत असेल, मी डोळ्यांनी पाहिलीय. आईबापाच्या आधी गेलेल्या लेकराला मातीचा उंचवटा नाही, पूजा नाही, वर्षाचा दिवस नाही. आईनं जायचं नाही आणि तिला जागा सांगायचीही नाही. बाबांनी तिला गवताच्या चटईत गुंडाळलं आणि पाठीवर घेतलं. जमीन गोठलेली होती, कुदळ लागत नव्हती, म्हणून मला बरोबर नेलं. बाबांनी हातभर खणलं. मी ओढ्यातून झग्यात दगड भरभरून आणले आणि आम्ही दोघांनी ते वर रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. तेरा वर्षांची होते मी. बोटं फुटली होती.

आईला मीच जागा दाखवली, बर्फ वितळल्यावर. तिला काही खाववेना म्हणून दाखवली. तेव्हापासून ती दर खेपेला एक दगड ठेवायची. इच्छा कसली मागतोय! कोल्ह्यांच्या भीतीनं ठेवायची. तू शेजारी उभा राहून "का, का" करायचास, म्हणून तिनं काहीतरी सांगितलं.

आणि तू आता पाथरवट आणून तिला मोकळी करणार. मनोरा बेढब नको म्हणून. काय म्हणू मी तुला? जा कचेरीत, आत्ता जा, आणि सांग हे काम होणार नाही.

सुनदोक


सोल
२ मे २००८

ताई,

माझा तुझ्यावर विश्वास नाही.

हे लिहायला मला चार दिवस लागले. पहिले दोन दिवस मला वाटलं, सज्जा होऊ नये म्हणून तू हे रचलंस. आजही अर्धं मन तेच म्हणतंय. मला शाळेत घातलं, तुला घातलं नाही, तो सल तू जन्मभर धरलास. पण मेलेलं मूल त्यासाठी वापरशील?

आणि हे खरं असेल तर त्याहून वाईट. तर मग मी तुला विचारतो आणि तू उत्तर दे.

शिक्षक म्हणून मला सोलजवळ नेमणूक मिळत होती. मी बुसान मागून घेतलं. तिथे सात वर्षं काढली. कशासाठी? प्रत्येक वर्गात, प्रत्येक बाजारात मी छप्पन सालच्या जन्माच्या बायका बघत हिंडत होतो. डाव्या कानाखाली तीळ आहे का म्हणून परक्या बायकांच्या मानेकडे टक लावून पाहायचो. एकदा एकीच्या नवऱ्यानं कानफटात मारली. माझी बायको मला वेडा म्हणायची.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात सगळा देश टीव्हीवर युद्धात हरवलेली माणसं शोधत होता, तेव्हा मी टीव्ही केंद्राच्या आवारात चार दिवस पुठ्ठा धरून उभा होतो. "आडनाव हाम, नाव कान्नान. जन्म १९५६. सोत्गोल गाव. डाव्या कानाखाली तीळ. भाऊ शोधतो आहे." रीतसर अर्ज भरला, नोंद केली. आजूबाजूला माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हंबरडे फोडत होती. मी प्रत्येक हंबरड्याला मान वळवून पाहत होतो. एक दिवस कॅमेरा माझ्यावरून फिरला होता.

ताई, तू मला पाहिलंस का? सरपंचाच्या घरी टीव्ही होता, सगळं गाव तिथे बसायचं हे मला माहीत आहे. पाहिलं होतंस का? होय की नाही एवढंच लिही.

मानहो


सोत्गोल
७ मे २००८

मानहो,

होय.

पाहिलं. पांढरा सदरा होता, घामानं पाठीला चिकटला होता. पुठ्ठ्यावरचं मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण सरपंच मोठ्यानं वाचत होता. आई माझ्या शेजारी बसली होती. मी उठले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सोलला निरोप धाडते. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की चार बोटं उमटली. म्हणाली, "शोधू दे त्याला. तो शोधतोय तोवर ती कुठेतरी आहे." मी खाली बसले. झालं तुझं समाधान?

तुला वाटतं, मी मजा बघत होते? तू वर्षातून दोनदा यायचास, फळांची पेटी घेऊन, पाहुण्यासारखा. आई चार दिवस आधीपासून मला बजावायची, हे बोलू नकोस, ते बोलू नकोस, त्याच्या मनाला लागेल. अख्ख्या घरात मन एकट्या तुलाच होतं! माझ्या फुटलेल्या बोटांना कुणी विचारलं नाही. मला कुणी बुसानची मावशी दिली नाही, मला सगळं खरं खरंच पाठ होतं. दगड मी वाहिले, तोंड मी शिवलं, आणि आता तू मला विचारतोस, पाहिलंस का!

आईनं का लपवलं ते विचार ना. विचारलं नाहीस. सगळं विचारलंस, ते नाही.

गोवर तू आणलास. शाळेतून. आधी तू पडलास, नऊ दिवस तापात होतास. कान्नान तुझ्याच अंथरुणात रांगत यायची, तू तिला पोटाशी घेऊन झोपायचास, कुणी काढलं तर रडायचास. तू उठलास आणि ती पडली. तू बरा होऊन "कान्नान कुठे" म्हणून विचारलंस तेव्हा आईनं बुसान म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? पोराला सांगणार होती का, तुझ्यामुळे?

हे लिहायचं नव्हतं. पण पेनानं लिहिलंय, खोडलं तरी दिसेल, आणि पुन्हा सगळं पत्र लिहायला माझ्याकडे बोटं नाहीत. तू मला खोटारडी म्हणालास, त्याचं हे. जाऊ दे. वाचलंस तर वाचलंस.

दोन जूनची तारीख जवळ येतेय. तेवढं बघ.

सुनदोक


सोत्गोल
२५ मे २००८

मानहो,

अठरा दिवस झाले. पोस्टमनला मी रस्त्यात गाठून विचारते, तो आता मला पाहिलं की दुसऱ्या वाटेनं जातो. मी लिहिलं ते चुकलं. सात वर्षांच्या पोराला काय कळतं, गोवर काय तू बाजारातून विकत आणलास? चुकलं म्हटलं ना. आता तू राग धर, शिव्या घाल, माझ्या मयताला येऊ नकोस, पण आत्ता ऐक.

परवा कचेरीची माणसं आली होती. दगडांवर नारिंगी रंगानं आकडे घातले त्यांनी. एकेका दगडावर, खालून वर. कुठला कुठे लावायचा ते कळावं म्हणून. मी केरसुणी घेऊन धावले. साहेब शिकलेला होता, आजी आजी म्हणत होता. मी सांगितलं, इथे माझी बहीण आहे. त्यानं टोपी काढली, खरंच काढली, मान लववली. मग म्हणाला, "आजी, मी मानतो. पण कागद लागतो. इथे कुणाला पुरलंय असं म्हणायचं तर ते माणूस होतं याचा कागद. जन्माचा, मृत्यूचा, नोंदवहीतला, कसलाही. तीस तारखेच्या आत. नाहीतर कंत्राटदार काम सुरू करणार आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

तिचा कागद कुठून आणू? गोवर निघून गेल्याशिवाय आपल्याकडे लेकराचं नावही लावत नसत. कान्नान म्हणजे तरी काय, नुसतं तान्हुलं. मी चावडीत जाऊन वही बघून आले, आता मला वाचता येतं ना. बाबा आहेत, आई आहे, मी आहे, तू आहेस. तुझ्याखाली कोरी ओळ पण नाही. तिचं नाव जगात कुठेच लिहिलेलं नाही, मानहो. मी त्या साहेबाला म्हटलं, मी लिहून देते. तो म्हणाला, "आजी, आजचं लिहिलेलं चालत नाही, जुनं हवं."

मी एक तारखेला राशीवर जाऊन बसणार आहे. चौसष्ट वर्षांच्या म्हातारीला उचलून टाकायला त्यांना लाज वाटते का बघू. तू आलास तर ये.

ताई


सोल
३१ मे २००८

ताई,

राशीवर बसू नकोस. उद्याच्या आत मिळावं म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. काम थांबलंय. काल दुपारी चार वाजता साहेबानं माझ्यासमोर शिक्का मारला. सज्जा पंधरा पावलं पुढे सरकेल. पाथरवट येणार नाही, फलक लागणार नाही. रंग काढायला माणूस येईल तेव्हा तू समोर उभी राहा आणि त्याला दगड हलवू देऊ नकोस. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींतून मी सातव्या ठिकाणाची पानं फाडून टाकली. मंडळाच्या बैठकीत उभा राहून सांगितलं, नवरीची गोष्ट मी बनवली होती. जांभळ्या टोपीवाल्या बाई रडल्या. मला त्यांची दया आली नाही.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाईल असं वाटत नाही, आणि मला तो घालवायचाही नाही. आईवर तर रागावताही येत नाही, तिच्या समाधीच्या उंचवट्यावरचं गवत मी दर शरदात कापतो. तुझं सात तारखेचं पत्र मी एकदाच वाचलं. अठरा दिवस मी काय करत होतो ते विचारू नकोस. रोज सकाळी बूट घालून घराबाहेर पडायचो आणि सोलच्या जवळच्या डोंगरावर जाऊन यायचो, गुडघा दुखत असताना. वाटेत लहान मूल दिसलं की दूर सरकायचो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी.

तुला मी नऊ दिवसांच्या तापाबद्दल एकच सांगतो. ती अंथरुणात यायची ते मला आठवतं. मी ते नेहमी आवडीनं आठवत आलोय. आता ते तू माझ्याकडून काढून घेतलंस. बास.

कागदाचं असं झालं.

तुझं पत्र आलं आणि मी कपाट, पेट्या सगळं उपसलं. काही नव्हतं. मग एकदम डोक्यात आलं की तिचं नाव जगात एका ठिकाणी लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय. त्र्याऐंशी साली भरलेला अर्ज. पंचवीस वर्षं जुना, नाव, जन्म, गाव, आईवडील, तीळ, सगळं त्यात होतं. त्या नोंदी आता शहरातल्या एका कचेरीत ठेवल्यात. एकोणतीसला सकाळी मी तिथे गेलो. रांगेत सगळे माझ्यापेक्षा म्हातारे. काही अजून शोधताहेत.

खिडकीतल्या मुलीनं माझी नोंद काढली. म्हणाली, "आजोबा, शिक्क्याची नक्कल देते, पण आधी नोंद चालू की बंद ते सांगा. अजून शोधताय की सापडल्या?" मी म्हटलं, तिसरा पर्याय आहे का? म्हणाली, "दोनच आहेत." मागे रांग खोळंबली. जिल्हा कचेरीला जागेचा उल्लेख हवा होता, तो फक्त "सापडल्या" या रकान्यात लिहिता येत होता. मी तिथे खूण केली. "कुठे" च्या पुढे लिहिलं, नुरुप खिंड, सोत्गोल. सही केली.

ती मुलगी उभी राहिली, ताई. विशी-बाविशीची असेल. दोन्ही हातांनी नक्कल पुढे करून म्हणाली, "अभिनंदन, आजोबा! या वर्षातली ही पहिलीच." मग ती मागे वळून रांगेला ओरडून म्हणाली, "या आजोबांची बहीण सापडली!"

माझ्या मागच्या म्हातारीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "कुठे होती हो इतकी वर्षं?"

मी म्हटलं, "गावाजवळच होती."

"अगं बाई! आणि तुम्ही कुठे कुठे शोधलंत?"

"बुसानला," मी म्हटलं.

ती हसली आणि रडली, आणि माझा हात सोडेना. तोवर सगळी रांग टाळ्या वाजवायला लागली होती. काठ्या काखेत धरून वाजवत होते. थांबत नव्हते. मग मी कागद छातीशी धरला आणि वाकून सगळ्यांचे आभार मानले.

मानहो